युवा ग्रुपमध्ये गाणी, रील, गेम आणायचे का? आणायचे तर कसे, झाडीपट्टीतला अनुभव

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, भाऊ आमच्या मिशनमधले पोट्टे युवा सभेला येऊन नाही राहिले, काय करू, डीजे बोलवू का, का मोबाईलच बंद करून टाकू. मी झाडीपट्टीत म्हणजे पूर्व विदर्भात, साकोलीकडे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो आणि आठ-नऊ वर्षं झाली आमच्या चर्चचा युवा ग्रुप पाहतो, त्यामुळे दोन्हीकडून तेच पोट्टे माझ्यासमोर येतात, सोमवारी फुटलेला डिस्प्ले घेऊन आणि रविवारी तोंड लपवून. तर मला जे समजलं ते एकदाच लिहून टाकतो म्हणजे फोनवर तासभर बोलायला नको.

सगळ्यात पहिले, "आणायचं का" हा प्रश्नच उशिरा विचारून राहिलो आपण. ते आलेलंच आहे. पोट्टा चर्चच्या पायरीवर बसून ज्या रीलवर हसते ते त्याच्यासोबत आत येते, फोन बाहेर ठेवला तरी डोक्यात वाजतच राहते. २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा आमच्या इथले बरेच मायबाप म्हणाले सुटलो बाप्पा, सप्टेंबरमध्ये पबजी पण गेलं, आणि आठ दिवसात माझ्या दुकानात पोट्टे "भाऊ, फोनमध्ये इन्स्टा टाकून द्या ना" म्हणत उभे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे का बाहेरून नवीन तमाशा आणू नका, जे त्यांच्या खिशात आहे त्यावर त्यांना बोलतं करा. खाली सगळं त्याच्यावरच आहे.

पण आधी माझी चूक सांगतो, नाहीतर वाटेल हा शहाणा सांगून राहिला.

काही वर्षांआधीचा नाताळ. वर्गणी केली, बारा हजाराचा डीजे, पिकअपवर लावलेला, लाईट सकट. एका पोट्ट्यानं फिल्मी गाण्याच्या चालीवर येशूचे शब्द बसवले, अर्ध्या तासात तीन गाणे तयार, आम्हाला वाटलं काय डोकं आहे याचं. पोट्टे नाचले राजेहो, बाजूच्या दोन गावचे पण आले. पावणेदहाला बंद केलं कारण दहाच्या नंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही. आणि मग मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाली तेव्हा अर्धे घरी, उरलेल्यातले अर्धे मागच्या भिंतीला टेकून झोपलेले, आणि गंमत म्हणजे कोअरनं, म्हणजे गाणाऱ्या मंडळीनं, पहिलं गीत उचललं तर मागून दोघांनी शिट्ट्या मारल्या, म्हणजे त्यांचा कार्यक्रम अजून चालूच होता. बाहेर निघाल्यावर एक म्हातारी आजी मला एवढंच बोलली, "नाच पाहाले मी मंडईत जातो गा, इथं मी शांत बसाले येतो." (मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा.) पुढच्या रविवारी सभेला चार जण. तेच चार जे आधीपासून येत होते. बारा हजारात एक पण नवीन पोट्टा भेटला नाही.

आता यावर कोणीतरी हमखास म्हणते का पण लिस्बनमध्ये तर फादरनंच डीजे वाजवला. बरोबर आहे, ऑगस्ट २०२३ च्या जागतिक युवा दिनात, म्हणजे कॅथलिक पोरापोरींच्या जगभरच्या मेळाव्यात, एका पोर्तुगीज फादरनं सकाळी सकाळी सेट वाजवला, मी पण व्हिडिओ पाहिला. पण तो कधी वाजवला ते पाहा. रात्रभर मैदानात झोपलेल्या पोरांना उठवायला, पोप यायच्या आधी, मिस्साच्या आधी. मिस्सा चालू असताना नाही. आणि त्याच्यात पोपच्या भाषणातले शब्द मिसळलेले होते. आमच्यासारखं एका रात्रीत चाल चोरून शब्द कोंबलेले नव्हते.

तर काम कसं करायचं.

पहिला महिना काहीच आणू नका, फक्त एक वही घ्या. खरंच, शाळेची शंभर पानी वही. प्रत्येकाला विचारा, या आठवड्यात काय ऐकलं, काय पाहिलं, काय खेळला, आणि लिहा. तीन रकाने पुरतात, काय, कोणी सांगितलं, त्याला काय आवडलं. एकच नियम, तोंडावर कमेंट करायची नाही. "हे काय फालतू ऐकतो बे" म्हटलं का वही संपली समजा, पुढच्या वेळी सगळे तुम्हाला भजनच सांगतील. मला वाटायचं सगळे हिंदी गाणेच ऐकत असतील पण वहीत निघालं काय, झाडीपट्टी नाटकातली गाणी, भीमगीतांचे रिमिक्स, हरियाणवी, साऊथचे डब पिक्चर, दोन पोट्ट्या कोरियन सिरीयल पाहणाऱ्या (सबटायटल वाचून वाचून त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं झालं), फ्री फायर मॅक्स तर आहेच. आणि एक पोट्टा फक्त ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाहते. फक्त ट्रॅक्टर, बाकी काही नाही. ते पण लिहा.

मग गाण्याची बैठक, हा आमच्याकडचा सगळ्यात चाललेला प्रकार आहे म्हणून जरा सावकाश सांगतो.

महिन्यातून एकदा, चाळीस मिनिटं, जास्त नाही. सगळ्यांचे फोन एका टोपल्यात, सायलेंट करून, फक्त एक फोन बाहेर. ज्याची पाळी त्यानं एक गाणं आणायचं, आणि आधीच डाउनलोड करून आणायचं कारण आमच्या चर्चच्या आवारात नेटवर्क फक्त हातपंपाजवळ येते. गाणं एकदा पूर्ण ऐकायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग शब्द वाचायचे, कोणीतरी मोठ्यानं, गायचे नाही, नुसते वाचायचे, कारण चाल काढून टाकली का शब्द उघडे पडतात आणि पोट्टे स्वतःच हसतात. मग तीन प्रश्न. हे कोण बोलून राहिलं? त्याला काय पाहिजे? ते नाही भेटलं तर तो काय करते? बस. चांगलं का वाईट हे विचारायचंच नाही, ते आपोआप येते.

एकदा एकानं ब्रेकअपचं गाणं आणलं, हिरो दारू पिऊन रडते, ती कशी बेईमान निघाली वगैरे, सगळ्या पोट्ट्यांना पाठ. तीन प्रश्न झाले, पोट्टे त्या हिरोबद्दल हळहळून राहिले होते, आणि कोपऱ्यातली एक पोट्टी, जी सहा महिन्यात नाव सांगण्याशिवाय काही बोलली नव्हती, ती म्हणाली, "पण त्या पोट्टीले कोनी विचारलंच नाही ना, तिले काय पाहिजे होतं ते." एक मिनिट कोणी बोललं नाही. मी काही शहाणपण सांगितलं नाही, बायबल काढलं, योहानाचा चौथा अध्याय, विहिरीवरची शोमरोनी बाई. भर दुपारी पाण्याला आलेली, एकटी. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता बाई एकटी पाण्याला निघाली तर गावात काय काय बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे, समजावून सांगावं लागलं नाही. आणि येशू तिला पहिले काय म्हणते? मला पाणी दे. मागते. मग बोलते, ती उलटून विचारते, तो उत्तर देते, शिष्य परत येऊन पाहतात तर त्यांना नवल वाटते का हा बाईसोबत बोलून राहिला. वाचून झालं तर त्याच पोट्टीनं विचारलं, "इचं नाव काय होतं?" नाव दिलेलं नाही म्हटलं. "मंग ते पण नाही विचारलं कोनी," म्हणाली. आता याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून पण नाही.

गाणं आणि वचन जोडताना एक ध्यानात ठेवा, ओढून-ताणून जोडू नका. प्रत्येक हिरोत येशू शोधायचा, प्रत्येक व्हिलनमध्ये सैतान, असं सुरू झालं का पोट्ट्यांना लगेच वास येतो, "आलं बाबा आता भाषण". कधी कधी काहीच जुळत नाही, तर नाही जुळत, बैठक संपवा आणि चहा पाजा.

मिस्साच्या बाबतीत मात्र मी आता पूर्ण जुन्या बाजूचा झालो. मिस्सामध्ये फिल्मी चाल नाही, डान्स आयटम नाही, वाचनाच्या जागी कविता का मोटिवेशनल काही नाही. हे माझं मत नाही फक्त, वाचन आणि स्तोत्राच्या जागी बायबलबाहेरचा मजकूर वाचता येत नाही हा चर्चचा नियमच आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, तर वाद्य सुद्धा गाण्याला आधार म्हणून तेवढीच वाजवायची, मधले काही सण सोडून. गीतं कोणती चालतात ते फादरला विचारा, कारण आपल्या विदर्भातच सगळीकडे एक रीत नाही, चांदा (चंद्रपूर) धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळकडच्या कॅथलिक परंपरेचा आहे, त्यांची उपासना वेगळी, तिथल्या पोट्ट्याला नागपूरकडचं सांगून फायदा नाही. याचा अर्थ असा नाही का चर्चला आपलं संगीत चालत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्येच उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगितलं का लोकांची स्वतःची संगीताची परंपरा असते तिला मान द्या, जागा द्या. आमच्याकडे खंजिरी आहे, टाळ आहे, तुकडोजी महाराजांमुळे गावागावात खंजिरी भजनाची सवय आहे. त्या ठेक्यावर गीत बसवलं, फादरला दाखवलं, त्यांनी हो म्हटलं, आता म्हाताऱ्या आजी पण टाळ्या वाजवतात. तीच आजी, मंडईवाली.

इथं वडीलधारे आणि कधी कधी फादर पण म्हणतात का हे सगळं नवीन खूळ आहे. त्यांच्याशी भांडू नका, दोन गोष्टी सांगा. एक, फादर स्टीफन्स. इंग्लंडचा येशूसंघी (जेझुइट) फादर, १५७९ ला गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं, ओवीत, मराठीत. का? कारण नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि ते बंद झालं होतं, म्हणून त्यानं ख्रिस्ताची कथा त्यांच्याच साच्यात दिली. त्या काळात तेच पॉप्युलर होतं ना. पण हे पण सांगा का त्यानं जवळपास अकरा हजार ओव्या लिहिल्या, आमच्या पोट्ट्यासारखं अर्ध्या तासात शब्द बदलले नाहीत, इथली भाषा शिकत आयुष्य घातलं. दुसरी गोष्ट डॉन बॉस्को. लहानपणी इटलीतल्या खेड्यात हा पोरगा जत्रेतल्या डोंबाऱ्यांकडे पाहून दोरीवर चालायला आणि जादू करायला शिकला, गावच्या पोरांना खेळ दाखवायचा, आणि तिकीट काय, तर आधी जपमाळ म्हणायची आणि सकाळचं प्रवचन ऐकायचं. मोठा होऊन तूरीनमध्ये रस्त्यावरच्या पोरांसाठी काम उभं केलं त्याच माणसानं. फादरला ही गोष्ट माहीत असतेच, फक्त आठवण करून द्यावी लागते. आणि नागपूरचं कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावानं आहे त्याला लोक ऐकायला येत नव्हते तर तो पत्रकं लिहून दाराखालून सरकवायचा, म्हणून तो पत्रकारांचा संत. आज असता तर व्हॉट्सॲपवर असता असं मी एकदा फादरला म्हटलं, ते हसले पण परवानगी दिली.

आता नाटक. झाडीपट्टीत राहून नाटक नाही केलं तर काय केलं. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्यांचे बोर्ड गावोगावी लागतात, लोक थंडीत रात्रभर बसून नाटक पाहतात. पोट्ट्यांना स्टेजचं वेड इथं शिकवावं लागत नाही. पण आपण काय करतो, नाताळात तेच गोठ्याचं नाटक, पांढऱ्या चादरीतले देवदूत आणि पाठ केलेली पुस्तकी वाक्यं. आम्ही दंडारीच्या, म्हणजे इकडच्या लोकनाट्याच्या ढंगात उधळ्या पुत्राची गोष्ट बसवली, लूकच्या पंधराव्या अध्यायातली, धाकटा पोरगा वाटा घेऊन जाते, सगळं उडवून परत येते आणि बाप आनंदानं जेवण घालते ती. स्क्रिप्ट लिहिली नाही. गोष्ट तीनदा वाचली आणि पोट्ट्यांना म्हटलं आता तुमच्या गावात घडली असं बोला.

धाकटा पुण्याला पळाला, वाट्याचा पैसा मोबाईल आणि पार्टीत उडवला, हे सगळ्यांना सोपं गेलं, हशा पण भेटला. पण नाटक खाल्लं मोठ्या भावानं. ज्या पोट्ट्याला ते काम दिलं त्याचा खरंच एक भाऊ बाहेर कंपनीत आहे आणि हा घरी धानाची शेती पाहते. तालमीत त्यानं परे (धानाची रोपं) आणि रोवणा (धानाची लावणी) काढून स्वतःच्या मनानं म्हटलं, "परे काढता काढता मही कंबर मोडली, रोवणा म्या एकट्यानं पाहिला, मले कधी कोंबडी तरी कापली का बाबा? अन् हा आला तं बकरा!" आम्ही सगळे हसलो आणि मग हसू थांबलं कारण तो नाटक नव्हता करून राहिला. तुम्ही बायबल उघडून पाहा, मोठा भाऊ शेतातून येते तेव्हा त्याला घरातून पहिले काय ऐकू येते, वाजवणं आणि नाचणं. बाहेर थांबून गड्याला विचारते हे काय चालू आहे. माझ्या डीजेच्या रात्री बाहेर कोण कोण उभं होतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि तो शेवटी आत गेला का नाही हे येशूनं सांगितलेलंच नाही, म्हणून आम्ही पण नाटक तिथंच सोडलं, ढोलकी बंद, पोट्टा दारात उभा, बाप त्याच्यासमोर. लोक विचारत होते पुढं काय झालं. मागच्या ओळीतला एक म्हातारा घरी जाऊन दोन दिवसांनी फादरकडे आला, ते काय बोलले मला माहीत नाही.

नाटकासाठी दोन सूचना. मध्ये "रेकॉर्ड डान्स", म्हणजे गाणं लावून नाच, टाकायचा मोह होईल, लोकांना मागे बसवून ठेवायला, टाकू नका. आणि पोट्ट्यांना बायकांचं काम देऊन हसवायची जी जुनी सवय आहे ती पण सोडा, पोट्ट्या आहेत ना ग्रुपमध्ये, त्यांना द्या, फक्त तालीम दिवसा ठेवा नाहीतर घरचे पाठवणार नाहीत आणि त्यात घरच्यांची चूक नाही.

गेमबद्दल थोडक्यात. गेम खेळू नको म्हणून कोणी थांबलेलं मी तरी पाहिलं नाही. कार्लो अक्युटिसची गोष्ट सांगा, इटलीचा पोट्टा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेला, ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होतं, खेळायचा, पण स्वतःला आठवड्याला एक तास ठरवून घेतला होता असं सांगतात, आणि कॉम्प्युटर वापरून मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या चमत्कारांची वेबसाईट केली. जीन्स घातलेला संत पाहून आमचे पोट्टे पहिल्यांदा संताच्या फोटोसमोर थांबले. आम्ही एक तास वगैरे सांगितलं नाही, फक्त स्क्रीन टाईम उघडून आपापला आकडा पाहायला लावला. एकाचा साडेसात तास निघाला. तोच घाबरला, आम्ही काही बोललो नाही.

आता न चुकता करायच्या गोष्टी, यात गंमत नाही. अठरा वर्षांखालच्या पोरापोरींना एकटं पर्सनल मेसेज करू नका, ग्रुपवरच लिहा आणि ग्रुपमध्ये एक सिस्टर किंवा एखादी आई ॲडमिन ठेवा. बैठकीत कायम दोन मोठी माणसं. पोट्ट्यांचे फोटो-रील टाकायचे तर मायबापाची परवानगी, आणि पोट्टीनं स्वतः नाही म्हटलं तर मायबाप हो म्हणाले तरी नाही. एखाद्या लेकरासोबत काही वाईट झाल्याचं कळलं तर गावात बसून मिटवायचं नाही, लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोर कोणी पण असो. मिस्साचा रील नको, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेचा सेल्फी नको. आणि आपल्या बैठकीला दुसऱ्या धर्माचे मित्र पण येतात, येऊ द्या, पण त्यांच्या घरी माहीत पाहिजे आणि त्यांना कशाचीही जबरदस्ती नको, आपण एकाच गावात राहतो, एकाच बोअरचं पाणी पितो.

वेळापत्रक शहरातल्या पुस्तकातून उचलू नका. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा असते, पोट्टे चिखलात, तेव्हा सभा लावून "येत नाहीत" म्हणणं म्हणजे आपलंच चुकलं. बारावीची परीक्षा, मोहफुलं, मग तेंदूपत्ता, हे सोडून जे उरते त्यात बसवा. आम्ही नवीन वही मंडई झाल्यावर उघडतो, तेव्हा सगळ्यांकडे नवीन गाणं असते आणि नाटकाचे किस्से असतात, विचारावं लागत नाही.

सामान म्हणाल तर एक ब्लूटूथ स्पीकर, एक वही, टोपलं, बायबल, खंजिरी. स्पीकर रात्रीच चार्जिंगला लावून ठेवा, रविवारी सकाळी आमच्याकडे लाईट असतेच असं नाही. आणि टोपल्यातले फोन परत देताना एकेकाचं नाव घेऊन द्या, मागे एकदा सगळे काळ्या कव्हरचे फोन अदलाबदल झाले आणि एका पोट्ट्याचा फोन दोन दिवस त्याच्या मामेबहिणीकडे राहिला, त्याचं लग्न मोडता मोडता वाचलं.